निसर्ग मंडळाची पानवेल

१

गुरुवारी सकाळी वसईजवळच्या पापडीच्या हायस्कुलात पानवेली उपटलेल्या सापडल्या आणि प्रार्थना संपायच्या आत गुन्हेगारही ठरून गेला. तपास तेवढा राहिला होता. तो विमला परब बाईंच्या गळ्यात पडला.

विमलाबाई मराठी शिकवत. निवृत्ती तोंडावर आली होती. शिस्त समितीवर त्यांचं नाव होतं, कारण समितीत कुणीतरी वयस्कर लागतं. मुख्याध्यापिका हेमाली नाईक यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीसुद्धा न दाखवता सांगितलं, "परब मॅडम, फॉर्मॅलिटी आहे. मुलांशी बोला आणि दोन ओळी लिहून द्या. नववीतल्या जितेशच्या वडिलांना उद्या बोलावलंय. हातात दाखला देऊ आणि मोकळे होऊ."

"दोन्ही ओळी तुम्हीच सांगून टाका ना," विमलाबाई म्हणाल्या. "मी सही करते."

हेमाली मॅडम कसनुशा हसल्या. "तुम्ही पण ना! शनिवारी हरित शाळा ट्रॉफीचे परीक्षक येताहेत. त्यांना कळवलंय मी, असं असं झालंय म्हणून. कालच तर निरोप आला होता की कृषी महाविद्यालयाचे एक प्राध्यापकही येणार, एखादी वेल उकरून माती-मुळं बघणार. किती कौतुक झालं असतं आपलं! आता तरी सहानुभूती मिळेल."

सहानुभूतीचे मार्क! शाळेतल्या या मंडळांचा त्यांना मनापासून वीट आला होता. वाचन मंडळाच्या मुलांच्या हातात पुस्तकं दिली होती ती फोटोपुरती, कपाटाची किल्ली अजून कार्यालयातच होती. विज्ञान मंडळाची दुर्बीण पाहुणे आले की खोक्यातून निघे आणि पाहुण्यांच्या पाठोपाठ खोक्यात जाई. त्यातल्या त्यात निसर्ग मंडळ बरं, असं त्यांना आजवर वाटत होतं. वसईची जुनी पानवेल मुलांनी स्वतः वाढवायची, ही कल्पना प्रल्हाद सावे सरांची. मैदानाच्या टोकाला हिरव्या जाळीचं घर उभं राहिलं आणि जुलैत प्रत्येक मुलाने वेलीच्या खोडाचा आपापला तुकडा लावून शेजारी आइस्क्रीमच्या काडीवर स्वतःचं नाव खोचलं. आता डिसेंबरात वेली जाळीच्या छताला टेकल्या होत्या.

आज त्या जाळीपुढे सावे सर डोळ्यांना रुमाल लावून उभे होते. मुलांना त्यांनी लांबच अडवलं होतं. "कुणी काही हलवू नका म्हटलं. तुम्ही बघा, बाई. मला आत बघवत नाही. आजोबांपर्यंत आमच्या घरी पानवेलीच होत्या. त्यांच्यावर वाढलोय आम्ही."

दाराच्या शहाबादी फरशीवर मैदान आखायच्या फक्कीचे दोन पांढरे ठसे होते. आत ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती, चांगली लांबरुंद. वेलींचा ढीग कोपऱ्यात पडला होता. ढिगात रात्रभर दबून पानं शिजल्यासारखी काळवंडली होती आणि त्यांचा उग्र, कुजका वास नाकात शिरत होता.

"अनवाणी पाय आणि फक्की," सावे सर म्हणाले. "खो-खोची पोरं सोडून कोण असणार?"

विमलाबाईंनी पदर नाकाला लावून ढीग उलटापालटा केला. सगळ्या वेली बुंध्याशी सुरीने कापल्यासारख्या होत्या. मग त्यांनी वाफ्यात हात घातला. माती खोलवर खणून वरून सारखी केलेली होती आणि बोटांना लागला तो फक्त काळ्या प्लास्टिकचा एक फाटका तुकडा.

एवढ्या वेलींचं एकही मूळ तिथे नव्हतं.

२

नासधूस करायला आलेलं पोर वेली ओरबाडतं, तुडवतं आणि पळून जातं. मुळं खणून घरी नेत नाही. हा विचार डोक्यात घोळवतच विमलाबाई कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसल्या. शेजारी जितेश बसला होता. वयाच्या मानाने उंच, काटक पोर. खो-खोत चांगला म्हणून शाळेनेच त्याला विरारच्या मनवेलपाड्याहून इथे आणलं होतं. शनिवारी आंतरशालेय सामने होते आणि तो कर्णधार होता.

"उपटून टाकीन म्हणाला होतास?"

"म्हणालो होतो, मॅडम. सगळ्यांसमोर." त्याने मान वर केली नाही. "त्या जाळीने ग्राउंडचा कोपरा खाल्ला. पोल मारून वळायला जागाच नाय राहिली. रागात बोललो. पण केलं नाय."

"काल शेवटी मैदानावर कोण होतं?"

"मीच. नवीन लाइनी आखल्या. दोरी धरायला पोरं होती, ती गेली. मग मी उरलेली फक्की मारली. पायांना ही एवढी फक्की लागलेली." त्याने घोट्याच्या वर हात धरला. "गेटजवळच्या नळावर धुतली, चपला घातल्या आणि निघालो."

"चपला कुठे होत्या?"

"गेटलाच असतात. खो-खोला चपला कोण घालतं?"

ये-जा करणारी पोरं बाकापाशी आली की कुजबुजत आणि पुढे गेली की हसत. एकाने जाता जाता "ए वेलतोड्या" अशी हाळी दिली. शिपायाने ती ऐकली आणि तोही हसला. कालपर्यंत याच जितेशने मैदान मारलं की हीच मुलं त्याला खांद्यावर घेऊन नाचत होती. विमलाबाईंना त्या हसण्याची शिसारी आली.

"वडील काय म्हणाले?"

"पप्पांना अजून सांगितलं नाय. शाळेतून फोन गेलाय. उद्या हाफ डे टाकून येतील." जितेश नखाने बाकाची कड खरवडू लागला. "दाखला दिला तर दुसरी शाळा मिळेल, मॅडम. पण दाखल्यावर लिहितील ना, का काढला ते? ते कायमचं राहणार."

विमलाबाई उठल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "एलिनाला विचारा. निसर्ग मंडळाची सेक्रेटरी. आम्ही एकाच बाकावर बसतो. सकाळपासून माझ्याकडे बघत नाय ती."

३

एलिना शाळेत नव्हतीच. पोट दुखतंय म्हणून दुसऱ्या तासाला घरी गेली होती. तिच्याऐवजी भेटले नाट्य मंडळाचे कुशल मोरे सर. तुळिंजला राहणारा, उत्साहाने उतू जाणारा माणूस. जाळीच्या जागेवर त्यांना रंगमंचाचं सामान ठेवायला खोली हवी होती आणि त्यावरून सावे सरांशी त्यांचं वाजलं होतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

"या, या, दाखवतो," म्हणत ते विमलाबाईंच्या पुढे जाळीत घुसले आणि बूट घालून थेट वाफ्यात उभे राहिले. चिखलात बूट रुतले तरी त्यांना पत्ता नव्हता. "इथे आरामात खोली झाली असती. असो. आता तर ट्रॅजेडीच झाली. मी रात्रीच, म्हणजे सकाळीच, एक पथनाट्य लिहायला घेतलंय. 'वेल रडते आहे.' गॅदरिंगला करू. झाडं तोडणाऱ्याच्या भूमिकेत जितेशलाच घ्यावं म्हणत होतो. रिअल वाटेल."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस गंमत करत नव्हता.

"रात्री की सकाळी, मोरे सर?"

"अहो, सकाळी! कळल्यावर!" ते गडबडले. "काल तालीम संपली तसा मी निघालो. जितेश फक्की मारत होता. गेटला सावेंची स्कूटर होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. विचारा कुणालाही. आणि मला वेली उपटून काय मिळणार? जाळी तर तशीच उभी आहे!"

ते बरोबर होतं. विमलाबाई जाळीबाहेर आल्या आणि दारातल्या त्या दोन पांढऱ्या ठशांपुढे वाकल्या. सकाळपासून सगळ्या शाळेने ते लांबून पाहिले होते आणि कुणीही वाकून पाहिले नव्हते. ठसे पावलांचे नव्हतेच. तळव्यांवर आडव्या रेघा होत्या, चपलेच्या असतात तशा. चालणाऱ्या माणसाचं एक पाऊल पुढे आणि एक मागे पडतं. हे दोन ठसे शेजारी शेजारी, अगदी जुळवून ठेवल्यासारखे होते.

त्यांनी आत पाहिलं. अनवाणी पावलं दारापासून कोपऱ्यापर्यंत गेली होती. काळ्या ओल्या मातीत फक्कीचा एक कणही नव्हता.

म्हणजे कुणीतरी ताज्या रेघा तुडवत चपला घालून आलं होतं, दारात चपला काढल्या होत्या आणि मग आत जाऊन कत्तल केली होती. चोरी करायला देवळात जावं तसं. विमलाबाईंना आधी हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. कसला माणूस होता हा?

४

एलिनाचं घर शाळेपासून लांब नव्हतं. पुढे टुमदार बंगली आणि मागे छोटीशी वाडी. तिची आई क्रिस्टीना अंधेरीला नोकरी करायची, मुलीच्या पोटदुखीमुळे आज अर्ध्यातून परत आली होती. "ती मागे बसलीय, मॅडम, तोंड पाडून. या ना." वाडीच्या बांधाशी तिने स्वतःच्या चपला काढल्या आणि सहज म्हणाली, "मॅडम, चपला इकडेच ठेवा हं. पुढे पानवेली आहेत."

विमलाबाई एका पायावर थबकल्या. "का गं?"

"असंच. पानवेलीत चपला घालून नाही जात. आमचे पप्पा मारायचेच. चर्चला जाणारे आम्ही आणि पलीकडचे हिंदू वाडीवाले, सगळेच पाळतात. आता सवयच झालीय, पाय आपोआप थांबतो."

विमलाबाई तळकोकणातल्या. इतकी वर्षं वसईत काढूनही त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि गार मातीत पाय ठेवला. वेली त्यांच्या कमरेपर्यंत आल्या होत्या.

"या कधी लावल्या?"

"जूनमध्ये. एलिनाने शाळेत नेली ती खोडं यातलीच. शेणखत घातलंय, रोज पाणी आहे, तरी बघा, इतपतच झाल्यात."

"शाळेतल्या तर छताला टेकल्या होत्या."

"छताला?" क्रिस्टीना हसली. "डिसेंबरात? शक्यच नाही, मॅडम."

फणसाखाली बसलेली एलिना हे ऐकत होती. ती उठली. लहानखुरी पोर, पावलं विमलाबाईंच्या तळहाताएवढी. जाळीतल्या लांबरुंद पावलांचा आणि हिचा संबंध नव्हता, एवढं तर एका नजरेत कळलं.

"एलिना, त्या वेली तुमच्या नव्हत्या ना?"

क्रिस्टीना घरच्या बोलीत तिच्यावर काहीतरी ओरडली. एलिनाने आईकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि तोंड दाबून घरात पळाली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

विमलाबाईंना मात्र उत्तर मिळालं होतं, आणि ते इतकं घाणेरडं होतं की क्रिस्टीनाने पुढे केलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

५

शुक्रवारी सकाळी शाळा भरायच्या आधी त्यांनी सावे सरांना जाळीपाशी बोलावलं. स्वतः आत, उघड्या वाफ्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि हाक मारली. "सर, जरा आत या. इथे काहीतरी सापडलंय."

वाफा रिकामा होता. ढीगही कालच उचलून टाकला होता. आत वेल म्हणून शिल्लक नव्हती. सावे सर घाईघाईने आले, फरशीवर थांबले आणि डाव्या पायाने उजवी चप्पल काढली. मग दुसरी. दोन्ही जुळवून बाजूला ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं.

"काय सापडलंय?"

"तुम्ही," विमलाबाई म्हणाल्या.

सावे सरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बुधवारी तुम्ही अशाच काढल्यात. तळव्यांना मैदानातली फक्की होती, ती फरशीवर राहिली. जितेश आला असता तर पांढऱ्या पायांनी सरळ आत गेला असता, ओल्या मातीत फक्की दिसली असती. मोरे सर आले असते तर बूट घालून आले असते, काल माझ्यासमोर आलेच. एलिना अनवाणी आली असती, पण तिची पावलं एवढीशी. पानवेलीच्या घरात वाढलेला, मोठ्या पायांचा आणि सगळ्यांच्या मागे शाळेत राहिलेला माणूस एकच."

"माझ्याच वेली मी का तोडेन?"

"मुळांसाठी. वरचं सगळं तुम्ही इथेच टाकलंत, नासधूस दिसायला हवी म्हणून. नेलीत ती मुळं, कारण ती बोलली असती. वेली नर्सरीतून आणल्या होत्या. पिशव्यांसकट पुरल्या होत्या." त्यांनी काळा तुकडा पुढे धरला. "मुलांची खोडं मेली होती ना?"

सावे सर मटकन वाफ्याच्या कडेला बसले. "दिवाळीच्या सुट्टीत मेली. सुट्टीपुरतं जाळीला कुलूप, किल्ली माझ्याकडे, मी गावाला. कुणी पाणीच घातलं नाही. ट्रॉफीसाठी अर्ज तर गेला होता. काय सांगणार होतो? आणली तयार. मग बुधवारी निरोप आला की प्राध्यापक मुळं उकरून बघणार..."

"आणि मुलांना काय सांगितलंत?"

"तुमच्याच आहेत असं समजा म्हटलं. काड्या होत्याच." ते काकुळतीला आले. "बाई, शाळेसाठी केलं हो. माझ्या खिशात काय गेलं?"

"आणि जितेश?"

"तो माझ्या डोक्यातही नव्हता! शपथ घेतो. सकाळी लोकांनीच अनवाणी पावलं पाहिली आणि त्याचं नाव घेतलं."

"लोकांनी नाही. काल माझ्यासमोर खो-खोच्या पोरांकडे बोट तुम्हीच दाखवलंत. डोळ्यांना रुमाल लावून."

आजवर वर्गात एखाद्या पोराने शेजाऱ्याच्या डब्यात थुंकलेलं विमलाबाईंनी पाहिलं होतं. तेव्हाही त्यांना इतकी किळस आली नव्हती.

६

हेमाली मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं.

"गाय शिरली म्हणू," त्या म्हणाल्या.

"काय?"

"परब मॅडम, उद्या परीक्षक येताहेत. शाळेचं नाव आहे. सावे सर चांगले शिक्षक आहेत, चूक झाली. जितेशला आपण दाखला देत नाही, सामनेही खेळू दे. झालं तर मग! कुणाचंच नुकसान नाही."

"मैदानाला कुंपण आहे. गाईने सुरीने वेली कापल्या आणि मुळं पिशवीत भरून नेली का?"

"तुमचा अहवाल ठेवून घेते मी," हेमाली मॅडम म्हणाल्या आणि तो खणात गेला.

जितेशचे वडील आले तेव्हा त्यांना चहा मिळाला. झालं गेलं विसरून शाळेने मुलाला माफ केलं आहे, असं मॅडमनी मोठ्या मनाने सांगितलं. वडिलांनी हात जोडले. जितेश मात्र ताठ उभा राहिला. "मॅडम, माफ कशाबद्दल? मी केलंच नाय." वडिलांनी त्याचं मनगट आवळलं. विमलाबाईंनी "त्याने खरंच केलेलं नाही, मी लिहून दिलंय," असं सांगितलं तेव्हा वडिलांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मुख्याध्यापिकांच्या खुर्चीकडे पाहिलं. कुणाचं खरं मानायचं, हे खुर्चीने ठरवलं.

शनिवारी प्रार्थनेला परीक्षक पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते. माइकवरून हेमाली मॅडम सांगत होत्या की एका विद्यार्थ्याकडून रागाच्या भरात चूक घडली, पण ही शाळा क्षमा शिकवते. काल गाय होती, आज पुन्हा विद्यार्थी झाला. प्राध्यापकांनी सहानुभूतीने मान हलवली. टाळ्या पडल्या. सावे सरही वाजवत होते. रांगेच्या टोकाला जितेश खो-खोच्या गणवेशात उभा होता आणि सगळी शाळा त्याच्याकडे वळून पाहत होती.

विमलाबाई पुढे निघाल्या. आता खणाबाहेर बोलायचं, मग निवृत्ती आजच झाली तरी चालेल. पण त्यांच्या आधी एलिना माइकपाशी पोचली होती. आजच्या बातम्या वाचायची पाळी नववीची होती. तिच्या हातात कागद नव्हता.

"आजची बातमी," ती म्हणाली. "जितेशने वेली तोडल्या नाहीत. त्या वेली आमच्या नव्हत्याच. आमच्या दिवाळीत मेल्या. सरांनी विकत आणून लावल्या आणि सरांनीच—"

माइक बंद झाला. मोरे सर खटक्यापाशी उभे होते. एलिनाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग घसा ताणून ओरडायला लागली. "मुळं बघायला येणार म्हणून सरांनीच तोडल्या! निसर्ग मंडळात सगळ्यांना माहीत होतं! ट्रॉफी येणार म्हणून आम्ही गप्प बसलो!"

प्राध्यापक उठून उभे राहिले. "सर, हे खरं आहे का?"

सावे सरांनी उत्तर देण्याआधी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या बघण्यातच सगळं आलं. तेवढ्यात रांगेतून आर्या नावाची पोर म्हणाली, "खरं आहे." मग मागून कुणी म्हणालं, मग आणखी कुणी. निसर्ग मंडळाचे हिरवे बिल्ले लावलेली मुलं एकामागून एक बोलू लागली. कालपर्यंत ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्यांना आता खरं बोलायची घाई झाली होती. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

हेमाली मॅडम परीक्षकांना चहाकडे नेऊ लागल्या. विमलाबाई गर्दीतून वाट काढत जितेशपाशी गेल्या. त्याला काय सांगायचं, ते त्यांनी मनात जुळवलं होतं. दोन मुलं त्याच्या खांद्यावर हात टाकत होती आणि तो ते हात एक एक करून खाली काढत होता.

"जितेश, बाळा, सगळ्यांना कळलं आता."

"त्यांना आधीच माहीत होतं, मॅडम," तो म्हणाला. बसचा हॉर्न वाजला. सामन्याला निघालेल्या पोरांनी त्याला हाका मारल्या. एलिना धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज पार बसला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जितेशने तिच्याकडे पाहिलं. मग बिल्ले लावलेल्या त्या सगळ्या घोळक्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर असा भाव आला, जसा शिळं अन्न चाखल्यावर येतो.

"आता सांगता होय?" एवढं म्हणून तो बसकडे चालायला लागला.